परदेशातल्या साथीसाठी नागपुरातून मदत: विद्यार्थी आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

आफ्रिकेत कुठे इबोलाची साथ सुरू झाल्याची बातमी आली, की दोन-तीन दिवसांत आमचे फोन वाजू लागतात. "ताई, आपल्याला काही करता येईल का?" विचारणारी मुलं मनापासून विचारत असतात आणि प्रत्येकाला तेच तेच उत्तर घाईघाईत देताना काहीतरी राहून जातं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवलं आहे. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाने थैमान घातलं तेव्हा मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. तेव्हापासून या कामात आहे.

तुम्ही कोण? ही संस्था आहे का?

नाही. नागपुरातल्या वेगवेगळ्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांचा हा गट आहे. डॉक्टरकी शिकणारे आहेत, नर्सिंगच्या मुली आहेत, इंजिनिअरिंगवाले आहेत, एक-दोघं मराठीत एम.ए. करणारे आहेत. आमचं कार्यालय नाही, बँकेत खातं नाही. दर वर्षी जुनी मुलं पास होऊन जातात, नवी येतात. काम तीन प्रकारचं असतं: साथीच्या भागाचे नकाशे काढणं, मदतीचे पैसे योग्य ठिकाणी पोचतील असं बघणं आणि आजाराबद्दलची खरी माहिती मराठीत लोकांपर्यंत नेणं.

इबोला म्हणजे नेमकं काय? आम्हाला फक्त नाव माहीत आहे.

हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला १९७६ साली. तेव्हाच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, यांबुकू नावाचं गाव आहे. तिथे ३१८ जणांना लागण झाली आणि २८० जण दगावले. त्या भागातल्या इबोला नदीवरून आजाराला नाव मिळालं. मिशनच्या दवाखान्यात त्याच त्या सुया निर्जंतुक न करता वापरल्या गेल्या आणि आजार त्यातून फैलावला.

सगळ्यांत मोठी साथ गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत आली. डिसेंबर २०१३ मध्ये गिनीच्या जंगलपट्ट्यातल्या मेलियांडू या खेड्यात ती सुरू झाली आणि मार्च २०१४ पर्यंत हा इबोला आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ती आटोक्यात येईपर्यंत २८,६०० हून जास्त लोकांना लागण झाली होती आणि ११,३०० हून जास्त माणसं गेली होती. पुढे २०१८ ते २०२० या काळात काँगोच्या पूर्व भागात ३,४७० रुग्ण आणि २,२८७ मृत्यू झाले. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच देशाच्या कासाई प्रांतात, बुलापे भागात पुन्हा साथ आली. ती तीन महिन्यांच्या आत थांबवली, तरी ६४ पैकी ४५ रुग्ण वाचले नाहीत.

आधी ताप, अंगदुखी, प्रचंड थकवा. मग उलट्या, जुलाब, काहींना रक्तस्राव. लागण झाल्यापासून २ ते २१ दिवसांत लक्षणं दिसतात. हा २१ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

तो हवेतून पसरतो का? नागपुरात येईल का?

कोविडसारखा हवेतून पसरत नाही. रुग्णाचं रक्त, उलटी, जुलाब, घाम अशा स्रावांशी किंवा ते लागलेल्या वस्तूंशी संपर्क आला तर लागण होते आणि लक्षणं दिसण्याआधी तो माणूस दुसऱ्याला आजार देत नाही. मृतदेहातून मात्र फार सहज लागण होते.

विमानाने तो कुठेही जाऊ शकतो, हे खरं. २० जुलै २०१४ ला लायबेरियाहून एक आजारी माणूस विमानाने नायजेरियात, लागोसला उतरला. दोन कोटींच्या आसपास वस्तीचं शहर! तिथल्या डॉ. अमेयो स्टेला अडाडेवोह यांना शंका आली. त्याला सोडा म्हणून दबाव होता, तरी त्यांनी त्याला दवाखान्यातून बाहेर जाऊ दिलं नाही. त्या स्वतः त्या आजाराने १९ ऑगस्टला गेल्या. पण पूर्ण नायजेरियात रुग्ण २० आणि मृत्यू ८ यांवर साथ थांबली. त्यासाठी तिथल्या कार्यकर्त्यांनी सुमारे ९०० संपर्कातल्या माणसांना शोधलं आणि त्यांच्या घरी मिळून साधारण १८,५०० फेऱ्या मारल्या. साथ अशी घरोघरी जाऊन थांबते. भारतातही नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियाहून आलेल्या, आजारातून बऱ्या झालेल्या एका तरुणाला दिल्ली विमानतळावर वेगळं ठेवलं होतं. त्याच्यामुळे कोणालाही लागण झाली नाही.

गडचिरोली, मेळघाट इथेच आहे. मग काहून आफ्रिका?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. कधी रागाने, कधी खरंच कळत नाही म्हणून. मला तो प्रश्न योग्य वाटतो आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही.

एक म्हणजे, आमच्यातली बरीच मुलं मेळघाटातही जातात. धारणीच्या शिबिरात दिसणारे चेहरेच नकाशाच्या कामाला रात्री बसलेले असतात. ज्याला इथलं दुःख दिसत नाही त्याला तिथलं दिसतं, असं मी अजून पाहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे मारबत, म्हणजे रोगराईचा तो मोठा पुतळा, बघायला महालात गर्दी करतो. "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडत मारबत वेशीबाहेर नेतात आणि जाळतात. सव्वाशे वर्षांहून जुनी ही परंपरा मला जिवापाड आवडते. पण रोगराई वेशीबाहेर गेली की संपली, हे तेव्हा खरं असेल. आज लागोसची वेस आणि आपली वेस यांत एका दिवसाचं अंतर आहे.

आणि तिसरं. १९३८ साली जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला शाळेपासून माहीत असतात. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे मात्र नागपुरातल्याच मुलांना ठाऊक नसतं. तेव्हा आपण स्वतः गुलाम देश होतो, दुष्काळ आणि मलेरिया घरात होता. तरी या शहरातला एक डॉक्टर गेला. त्यांनाही कोणीतरी "इथं काय कमी आहे?" असं विचारलं असेलच.

मी मेडिकलला तिसऱ्या वर्षाला आहे. मला तिथे जाऊन काम करता येईल का?

नाही. हे मी अगदी स्पष्ट सांगते, कारण २०१४ मध्ये मीही याच हट्टाला पेटले होते.

त्या साथीत तिन्ही देशांत मिळून ८०० हून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली आणि त्यातले ५०० हून जास्त गेले. सिएरा लिओनचे या आजारातले सगळ्यांत अनुभवी डॉक्टर शेख हुमर खान केनेमाच्या रुग्णालयात काम करता करताच लागण होऊन २९ जुलै २०१४ ला वारले. साथीआधीच या देशांत लाख लोकांमागे जेमतेम एक-दोन डॉक्टर होते. अशा ठिकाणी शिकाऊ माणूस गेला की त्याला सांभाळायला, त्याच्यावर लक्ष ठेवायला आणखी एक शिकलेला माणूस अडकतो. शिवाय गिनी आणि काँगोत कामकाज फ्रेंचमध्ये चालतं आणि खेड्यात तेही चालत नाही.

पदवी, इंटर्नशिप आणि काही वर्षं कामाचा अनुभव घेतल्यावर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या संस्थांचे दरवाजे उघडतात. तिकडे जायची मनापासून इच्छा असेल तर आतापासून दोन गोष्टी करा: फ्रेंच शिका आणि संसर्ग नियंत्रण नीट शिका. वॉर्डात हात धुण्याचा कंटाळा करणाऱ्याने इबोलाचं स्वप्न बघू नये.

आम्ही ग्लोव्ह्ज, साबण, कपडे, औषधं गोळा करून पाठवू का?

कृपया नको. आमची स्वतःची चूक सांगते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये आम्ही चार कॉलेजांत खोके ठेवले आणि वीस दिवसांत हॉस्टेलची एक खोली भरली. लॅटेक्सचे ग्लोव्ह्ज, मास्क, साबणाच्या वड्या, कोणीतरी दिलेली स्वेटरं. सामान पाठवायला मालवाहतूकदाराकडे चौकशी केली, तर भाडंच सामानाच्या किमतीपेक्षा जास्त निघालं. ज्या संस्थांना पत्रं लिहिली त्यांनी अत्यंत नम्रपणे कळवलं, की न मागितलेलं सामान आम्ही घेत नाही. खोके तसेच राहिले. पुढच्या मे महिन्यात ती खोली उघडली तेव्हा ग्लोव्ह्ज एकमेकांना चिकटले होते, ओढले की फाटत होते. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली दुसरं काय होणार? लोकांनी खाऊच्या पैशांतून दिलेल्या त्या वस्तू होत्या. मला त्याची आजही लाज वाटते.

आम्हीच असं केलं असं नाही. त्याच वर्षी सिएरा लिओनच्या फ्रीटाऊन बंदरात दानातून आलेल्या वैद्यकीय साहित्याचा एक कंटेनर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पडून होता आणि थोड्याच अंतरावरच्या रुग्णालयांत नर्सना अंगावर घालायला काही नव्हतं. आलेलं सामान उतरवायला, मोजायला, छाटायला माणसं लागतात. साथीत नेमकी तीच नसतात. औषधांबाबत तर जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. घरातल्या कपाटातल्या उरलेल्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

मग पैसे? डबा घेऊन बर्डीवर फिरलो तर?

पैसे हीच सगळ्यांत उपयोगी मदत, पण डबा घेऊन फिरू नका. धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं कलम ४१ क खाली घेतात तीच ही परवानगी. आम्ही हातात रोख घेतच नाही. जी संस्था साथीच्या भागात प्रत्यक्ष काम करते आहे आणि भारतात रीतसर नोंदलेली आहे, तिला देणाऱ्याने स्वतः, स्वतःच्या खात्यातून, थेट पैसे द्यावेत. पावती त्याच्याच नावाची येते. संस्थेला आयकराची ८०-जी मान्यता असेल तर करसवलत मिळू शकते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही आणि परदेशातल्या संस्थेला थेट पाठवलेल्या पैशावरही मिळत नाही. परदेशी खात्यात पैसे पाठवण्याच्या भानगडीत विद्यार्थ्यांनी पडूच नये.

गॅदरिंगला संत्र्याच्या रसाचा स्टॉल लावायचा असेल तर जरूर लावा. हिशेब कॉलेजच्या खात्यातून, शिक्षकाच्या सहीने होऊ द्या आणि किती जमले, कुठे गेले ते फलकावर लावा.

एक विनंती. "पैसे पाठवा, पण ते फक्त मुलांच्या औषधावरच खर्च करा" अशा अटी घालू नका. साथीत पैसा कशाला लागतो? मोटारसायकलच्या पेट्रोलला, संपर्क शोधणाऱ्यांच्या रोजच्या भत्त्याला, क्लोरीनला, कबरी खणणाऱ्यांच्या मजुरीला. फोटोत चांगलं दिसेल असं यात काहीच नाही.

नकाशाचं काम म्हणजे काय? नागपुरात बसून गिनीचा नकाशा कसा काढायचा?

हे आमचं सगळ्यांत आवडतं काम, त्यामुळे जरा लांबण लावते.

मार्च २०१४ मध्ये गिनीच्या गेकेडू भागात साथ जाहीर झाली तेव्हा मदत पथकांकडे त्या भागाचा कामाचा नकाशाच नव्हता. रुग्ण सांगायचा अमुक गावचा आणि ते गाव कुठे, तिथे जायला वाट कोणती, हे कागदावर नसायचं. मग ओपन स्ट्रीट मॅप या खुल्या नकाशावर काम करणारे जगभरातले स्वयंसेवक उपग्रहाची छायाचित्रं समोर ठेवून रस्ते, पायवाटा आणि घरं रेखू लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रेड क्रॉस आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी खुल्या नकाशावाल्यांसोबत "मिसिंग मॅप्स" हा उपक्रम सुरू केला. साथ येण्याआधीच नकाशा तयार असावा, हा त्यामागचा विचार. आपण बसतो ते याच कामाला.

प्रत्यक्ष काम असं: मोठ्या भागाचे छोटे चौकोन पाडलेले असतात. तुम्ही एक चौकोन उचलता, तो तुमच्या नावावर राहतो, दुसरा कोणी त्यात हात घालत नाही. पडद्यावर उपग्रहाचं चित्र येतं. सुरुवातीला सगळं हिरवं-तपकिरी दिसतं. दहा मिनिटांनी डोळा बसतो. मग कळतं, की तो तपकिरी ठिपका म्हणजे गवताने शाकारलेली गोल झोपडी, चमकणारा चौकोन म्हणजे पत्र्याचं घर, त्यातलं लांबट आणि मोकळ्या अंगणाचं म्हणजे बहुतेक शाळा. गोल घरासाठी चार बिंदू टाकायचे आणि "ओ" ही कळ दाबायची, वर्तुळ होतं. चौकोनी घराला "क्यू" दाबायची, कोपरे काटकोनात येतात. एकेक घर, एकेक घर.

नव्या मुलांच्या चुका ठरलेल्या आहेत. घराऐवजी घराची सावली रेखतात. आंब्याच्या झाडाला झोपडी समजतात. पायवाट नदीपाशी तोडून देतात. खरं तर पलीकडच्या काठावर ती पुन्हा सुरू झालेली असते, म्हणजे तिथे उतार आहे किंवा होडी लागते. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे गूगलच्या नकाशावरून बघून उतरवणं. ते परवान्यात बसत नाही, अजिबात करायचं नाही. गावांची नावंही आपण इथून घालत नाही. ती तिथली माणसं गावात जाऊन, विचारून घालतात. तुमचा चौकोन पूर्ण झाला की अनुभवी माणूस तो तपासतो आणि चुका कळवतो. चूक निघाली म्हणून खट्टू होऊ नका, माझ्या पहिल्या चौकोनात अकरा निघाल्या होत्या.

या घरांचा उपयोग काय? घरं मोजली की वस्तीचा अंदाज येतो. अंदाज आला की लशीचे डोस किती न्यायचे ते ठरतं. संपर्कातल्या माणसाला २१ दिवस रोज भेटायचं असतं आणि रस्ता कळल्याशिवाय रोज कोणी भेटू शकत नाही. आमच्यातली एक मुलगी कासाईतल्या एका खेड्याचा चौकोन पूर्ण करून उठली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. खाली जाऊन तर्री-पोहे खाताना ती म्हणाली, "त्या गावात किती घरं आहेत हे आता मला माहीत आहे, बहात्तर. पण माझ्या स्वतःच्या गावात किती, ते माहीत नाही."

तिथले लोक मदत करणाऱ्यांनाच का मारतात? अडाणी आहेत म्हणून?

हा शब्द आमच्या बैठकीत चालत नाही. का, ते सांगते.

सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांना जमावाने ठार केलं. आरोग्य कर्मचारी, अधिकारी आणि पत्रकार होते ते. याचं समर्थन होऊच शकत नाही. पण हे कुठल्या भीतीतून येतं ते समजून घेण्यासाठी आपल्याला आफ्रिकेत जायची गरज नाही, पुण्याला जायचं. १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोजीर घराघरांत शिरले, माणसांना रस्त्यावर काढून तपासलं, देवघरं विटाळली, सामान जाळलं, रुग्णांना ओढून नेलं. लोकांनी रुग्ण लपवले, प्रेतं लपवली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हे सगळं आपण स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात वाचतो. साथीच्या धड्यातही ते वाचायला हवं. बळजबरीने रोग आटोक्यात आणायला गेलं की रोग लपतो.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याहून प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणलं आणि त्याच आजाराने १० मार्चला त्या गेल्या. लोक त्यांच्यापासून लपले नाहीत.

आता अंत्यसंस्काराचं घ्या. लायबेरियात ऑगस्ट २०१४ मध्ये सरकारने राजधानी मन्‍रोव्हियात इबोलाच्या मृतांचं दहन करायचा आदेश काढला. आपण म्हणू, त्यात काय मोठंसं? तिथे मात्र मृताला न्हाऊ घालून, कपडे चढवून, जवळच्यांनी हात लावून मातीत ठेवायची रीत आहे. जाळणं म्हणजे त्या माणसाचा मागमूस पुसणं. लोक मृत्यू लपवू लागले, रात्रीतून पुरू लागले. आणि त्या न्हाऊ घालण्यातच सगळ्यांत जास्त विषाणू होता. वर्षाअखेर सरकारने दफनभूमीसाठी जागा दिली. दफन पथकं कुटुंबाला लांबून चेहरा बघू देऊ लागली, प्रार्थनेसाठी थांबू लागली, कबरीवर नाव घालू लागली. त्याला सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन म्हणतात आणि साथ वळवण्यात त्याचा फार मोठा वाटा आहे. त्या पथकांत तिथलीच आपल्या वयाची मुलं होती. त्यातल्या कितीजणांना घरच्यांनी घरात घेतलं नाही, घरमालकांनी खोली रिकामी करायला लावली.

एप्रिल २०२१ मध्ये आपल्या शहरात ज्यांनी आपलं माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पाहिलं, ज्यांना तोंडात पाणीही घालता आलं नाही, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या एका कार्यक्रमात लायबेरियाची ही गोष्ट ऐकून मागच्या रांगेतल्या एक काकू उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ व्हरांड्यात उभ्या होत्या.

आता लस निघाली ना? मग काळजी कशाची?

लस निघाली, हे फार मोठं काम झालं. २०१५ मध्ये गिनीत तिची चाचणी झाली. देवीच्या वेळी वापरली तीच पद्धत होती: रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातल्यांना आणि संपर्कातल्यांच्या संपर्कातल्यांना टोचायचं, कडं करायचं. २०१९ च्या अखेरीस युरोप आणि अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. काँगोतल्या साथीत झालेल्या चाचणीतून दोन प्रतिपिंड (अँटीबॉडी) औषधंही हाती आली.

पण ही लस आणि ही औषधं इबोलाच्या झाईर या प्रकारावरची आहेत. २०२२ मध्ये युगांडात आलेली साथ सुदान प्रकाराची होती, तिच्यावर मान्यताप्राप्त लस नव्हती. आणि लस असली तरी ती अतिथंड पेटीतून, रस्ता नसलेल्या गावात, विश्वास नसलेल्या माणसाच्या दंडापर्यंत न्यावी लागते.

मी कॉमर्सचा आहे. मला काय शिकायला मिळेल?

हळदीचा प्रयोग करून बघा, सगळ्यांसाठी खुला असतो. इबोलाच्या वॉर्डात अंगभर पोशाख असतो. आत इतकं उकडतं, की तासाभराच्या आसपास बाहेर यावंच लागतं. धोका पोशाख घालताना नाही, काढताना असतो. म्हणून समोर एकजण उभा राहून पायरी-पायरीने सूचना देतो. आम्ही ग्लोव्ह्ज आणि एप्रनवर हळदीचं पाणी शिंपडतो आणि म्हणतो, आता हात न माखता काढा. मुलं अगदी जपून काढतात, हात स्वच्छ दिसतात. मग त्यावर साबणाचं पाणी टाकतो. साबण लागला की हळद लाल होते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला, एकदा तर एकाच्या भुवईवर लाल डाग उमटला. कपाळावरचा घाम पुसला होता त्याने, त्याच्या लक्षातही नव्हतं. वर्गात एकदम शांतता पसरते.

व्हॉट्सअॅपवर आलेली माहिती पुढे पाठवू का?

पाठवण्याआधी आम्हाला विचारा. ऑगस्ट २०१४ मध्ये मिठाच्या पाण्याने इबोला टळतो अशी अफवा नायजेरियात फोनवरून फिरली आणि खारट पाणी पिऊन माणसं मेली. मराठीत लिहायचं असेल तर शब्द साधे वापरा. "द्रवरूप शारीरिक स्राव" असं लिहून कोणाला कळणार? रक्त, उलटी, घाम, थुंकी लिहा. आमचा नियम असा, की मजकूर आधी कोणाच्या तरी आजीला वाचून दाखवायचा. आजीला जे अडलं ते बदलायचं.

आमच्या कॉलेजात आफ्रिकेतली मुलं आहेत. त्यांना बोलवावं का?

जरूर, पण माणूस म्हणून, तज्ज्ञ म्हणून नाही. आफ्रिका खंडात पन्नासहून जास्त देश आहेत. टांझानियाच्या मुलाला गिनीच्या साथीबद्दल विचारणं म्हणजे नागपूरकराला मंगोलियाबद्दल विचारणं. साथीच्या काळात या मुलांना बसमध्ये शेजारी जागा मिळत नाही, ऑटोवाले थांबत नाहीत. एका मुलाला त्याच्या घरमालकिणीने अडीच वर्षांपूर्वीच्या भारतप्रवेशाचा शिक्का दाखवायला लावला होता. अशा वेळी त्याच्यासोबत जाऊन घरमालकिणीशी मराठीत दहा मिनिटं बोलणं हीसुद्धा साथीची मदत आहे. आम्ही ती केली आहे. काकूंनी नंतर त्याला दिवाळीचा फराळ दिला.

घरचे नाही म्हणतात. परीक्षाही आहेत.

परीक्षा आधी. घरच्यांना सांगा, की कुठेही जायचं नाही, कोणाला हात लावायचा नाही, महिन्यातून दोन शनिवार बसायचं आहे. तरी काळजी असेल तर आईला घेऊन या. आमच्याकडची सगळ्यांत नेटकी घरं रेखणारी व्यक्ती एका विद्यार्थ्याची आई आहे. त्या शिवणकाम करतात, त्यांची नजर पक्की आहे.

प्रमाणपत्र मिळेल का?

नाही.

साथ संपल्यावर काय?

शेवटचा रुग्ण बरा झाल्यावर किंवा त्याचं दफन झाल्यावर ४२ दिवस, म्हणजे दोनदा २१ दिवस, नवा रुग्ण आला नाही तर साथ संपल्याचं जाहीर होतं. बातम्या त्याच्याही बऱ्याच आधी थांबलेल्या असतात. आमचे फोनही थांबतात.

पण तिथे काही संपत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या साथीतून दहा हजारांहून जास्त लोक वाचले. त्यातल्या अनेकांचे सांधे दुखत राहिले, डोळ्यांना सूज येऊन नजर गेली, गावाने परत घेतलं नाही. तीन देशांतल्या शाळा कित्येक महिने बंद होत्या. सिएरा लिओनमध्ये त्या एप्रिल २०१५ मध्ये उघडल्या, तोवर मुलं रेडिओवरून शिकत होती. म्हणून आमचे नकाशाचे शनिवार साथ असो वा नसो चालू असतात आणि खरं सांगायचं तर साथ नसतानाच माणसांची गरज जास्त असते. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी आम्ही फक्त तिघं होतो. त्या रात्री नऊ चौकोन झाले.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

लॅपटॉप, चार्जर आणि माउस. माउस विसरू नका, बोटाने घरं रेखताना मनगट जातं. लॅपटॉप नसेल तरी या, दोघांत एक चालतो. एकजण रेखतो, दुसरा सावल्या ओळखतो. पाण्याची बाटली आणि हळदीच्या प्रयोगासाठी जुना शर्ट. डाग निघत नाहीत.